'तेच ते' ही तक्रार आपण नक्की कुणाकडे करतोय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'द स्ट्रोक्स' या न्यूयॉर्कच्या रॉक बँडच्या 'रूम ऑन फायर' या दुसऱ्या अल्बमबद्दल श्रोत्यांची मतं छापून आली. त्याचं नाव सकाळच्या चहाबरोबर वाचायला मिळेल असं स्वप्नातही आलं नव्हतं, त्यामुळे आधी आभार. मतं वाचून मात्र वैताग आला. बहुतेकांचा सूर एकच: पहिल्यासारखाच आहे, नवीन काय दिलं?

हाच प्रश्न मी २००३ च्या दिवाळीनंतर पुण्यातल्या हॉस्टेलच्या खोलीत ऐकलेला आहे. खोलीतल्या मित्राचा मामेभाऊ न्यू जर्सीत. त्याने दोन्ही सीड्या पाठवल्या. माझ्याकडे सीडी प्लेअर नव्हता, म्हणून नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतल्या. एका बाजूला पहिला 'इज धिस इट', दुसऱ्या बाजूला 'रूम ऑन फायर'. पहिला साडेछत्तीस मिनिटांचा, दुसरा जेमतेम तेहेतीस. म्हणजे दुसऱ्या बाजूच्या शेवटी बारा मिनिटं कोरी फीत नुसती सरसरत राहायची. आमची भांडणं त्या बारा मिनिटांत व्हायची. मित्र म्हणायचा, "बाजू पालटली काय न् नाही पालटली काय, सारखंच." मीही काही दिवस मान डोलावली.

मग दुसऱ्या अल्बममधल्या '१२:५१' या गाण्यावरून पैज लागली. त्यात वाजतो तो कीबोर्ड कोण वाजवतं? बँडमध्ये पाच जण: गायक ज्युलियन कासाब्लांकास, गिटारवर निक व्हॅलेन्सी आणि अल्बर्ट हॅमंड ज्युनियर, बासवर निकोलाय फ्रेचर, ड्रम्सवर फॅब मोरेटी. कीबोर्डवाला कुणीच नाही. ती गिटारच होती, टोन फिरवून फिरवून कीबोर्डसारखी केलेली. पैज मी हरलो, दोन प्लेट मिसळीचे पैसे गेले. पण तेव्हापासून कान लावून ऐकायला लागलो. 'ऑटोमॅटिक स्टॉप'मध्ये ताल जमैकातल्या रेगे संगीतासारखा उलट्या ठोक्यावर डुलतो. 'अंडर कंट्रोल' इतकं संथ की पहिल्या अल्बमच्या घाईत ते कुठेच बसलं नसतं. 'रेप्टिलिया'त आधी ड्रम आणि बास, गिटार मागून येते आणि मग दोन गिटारी एकमेकींनी सोडलेल्या जागा भरत जातात. आणि हे सगळं तेहेतीस मिनिटांत, अकरा गाण्यांत. पाल्हाळ नाही.

मला खरं म्हणायचंय ते हे. आपण मराठी माणसं सवाईला थंडीत स्वेटर-मफलर घालून जातो आणि यमन सुरू झाला की सुखावतो. "मागच्या वर्षीही यमनच होता" अशी कुरकुर कुणी केलेली मी तरी ऐकली नाही. उलट तोच राग, तेच घराणं, तीच बंदिश, आणि तरी आज गंधार कसा लागला यावर घरी पोचेपर्यंत रिक्षात चर्चा. रॉकच्या बाबतीत मात्र आपण एकदम नवलाईचे भुकेले होतो. दोन वर्षांत माणसं बदलली पाहिजेत, वाद्यं बदलली पाहिजेत, नाहीतर 'दुसरा अल्बम पडला'.

कुणी म्हणेल, ख्यालात विस्तार दर वेळी नवा असतो, रेकॉर्ड तर गोठलेली. कबूल. तुलना काही पूर्ण बसत नाही. पण ऐकणाऱ्याचा कान दोन्हीकडे तोच आहे ना? ओळखीच्या चौकटीतला बारीक फरक टिपायची सवय आपल्याला आहे. ती सवय इंग्रजी गाणं लागलं की आपण दाराबाहेर चपलांबरोबर का ठेवतो?

आणि 'पडला' म्हणावं तर आकडे वेगळंच सांगतात. पहिला अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड या खपाच्या यादीत ३३ व्या क्रमांकापर्यंत गेला होता, हा चौथ्यापर्यंत गेला. ब्रिटनमध्ये दोन्ही दुसऱ्या क्रमांकावर. खप म्हणजे गुणवत्ता नव्हे हे मलाही कळतं, तेव्हा हा मुद्दा फार ताणत नाही.

गंमत पुढेच आहे. २००६ साली तिसरा अल्बम आला. निर्माता बदललेला, गाणी चौदा, लांबी पन्नास मिनिटांच्या वर. बदल पाहिजे होता ना, घ्या बदल. तर आमच्याच खोलीतला तो मित्र (आता नोकरीला लागलेला, फोनवर) म्हणतो, "लांबण लावलीय. दुसऱ्यासारखं आटोपशीर नाही." मी फोन ठेवून दिला.

सगळंच उत्तम आहे असं मी म्हणणार नाही. 'द वे इट इज' मला आजही सपाट वाटतं, ते सुरू झालं की कॅसेट पुढे पळवायचो. आणि गायकाचा आवाज मुद्दाम टेलिफोनवरून आल्यासारखा खरखरीत ठेवलाय. पहिल्या वेळी त्याची मजा होती, दुसऱ्यांदा थोडी कमी झाली, हेही खरं. श्रोत्यांनी एवढं नेमकं बोट ठेवलं असतं तर हे पत्र लिहिलंच नसतं. 'तेच ते' हे मत नाही. दोनदा ऐकून तिसऱ्यांदा न ऐकल्याची ती कबुली आहे.

शेवटी एक दुरुस्ती. मतांच्या वर दिलेल्या चौकटीत, हा अल्बम रेडिओहेड या ब्रिटिश बँडचे निर्माते नायजेल गॉडरिच यांनी केला असं छापलंय. बँडने सुरुवात त्यांच्याबरोबर केली होती, पण ते काही जमलं नाही. ते काम बाजूला ठेवून मंडळी पुन्हा गॉर्डन राफाएल यांच्याकडे गेली, म्हणजे पहिला अल्बम ज्यांनी केला त्यांच्याकडेच. बड्या नावाला नको म्हणून ज्यांनी आपला जुना आवाज जाणूनबुजून निवडला, त्यांना 'नवीन सुचलं नाही' म्हणायचं का, ते वाचकांनी ठरवावं. चौकटीतली चूक मात्र पुढच्या रविवारी सुधारून छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे