तीनरंगी भाटी आणि गर्भसंस्काराचा वर्ग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला गर्भसंस्कारांवरचा लेख वाचला. पोटातल्या बाळाला श्लोक ऐकवले की ते हुशार होतं, याला आता ‘एपिजेनेटिक्सनेही दुजोरा दिला आहे’ असं त्यात बिनदिक्कत लिहिलं आहे. एपिजेनेटिक्स म्हणजे जनुकं तीच राहून ती चालू-बंद कशी होतात, याचा अभ्यास. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत होते, त्यामुळे राहवलं नाही.

वर्गात हा विषय मी आमच्या तीनरंगी भाटीवरून समजावायचे. मांजरात भगव्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मादीकडे एक्स दोन. गर्भ अगदी लहान असताना प्रत्येक पेशी त्यातला एक बंद करते. पुढे त्या पेशीपासून झालेल्या सगळ्या पेशी तोच बंद ठेवतात. म्हणून अंगावर इथे भगवं, तिथे काळं ठिगळ. (पांढऱ्याचं जनुक वेगळं.) तीनरंगी बोका म्हणूनच क्वचित दिसतो. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये उंदरांच्या अभ्यासातून हे मांडलं. २००१ च्या डिसेंबरात टेक्सासमध्ये अशाच एका भाटीची क्लोन जन्मली. जनुकं तीच, पण भगव्याचा ठिपकासुद्धा नाही! कोणता एक्स बंद व्हायचा, हा निव्वळ योगायोग. तिथे श्लोक कुणाला ऐकवणार?

मग आईच्या परिस्थितीचा गर्भावर परिणाम होतच नाही का? होतो की. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम नेदरलँड्सची रसद तोडली आणि माणशी रोजचं रेशन हजार कॅलरींच्याही खाली गेलं. त्या उपासमारीत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांचं रक्त साठ वर्षांनी तपासलं. वाढीशी संबंधित ‘आयजीएफ-२’ जनुकावरच्या मिथाइलच्या खुणा (जनुकाचं काम कमी-जास्त करणाऱ्या रासायनिक खुणा) त्यांच्यात सख्ख्या भावंडांपेक्षा कमी निघाल्या. या खुणांमुळेच पुढचे आजार झाले, असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही. आणि बुद्धीचा तर त्यात विषयच नव्हता. त्या आयांना कमी पडलं ते अन्न.

माझ्या भाचेसुनेला सहावा महिना लागला आहे. हिमोग्लोबिन साडेआठ. गर्भसंस्काराच्या वर्गाची फी भरल्याची पावती फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली आहे. परवा भेटायला गेले, तर लोहाच्या गोळ्यांची मागच्या महिन्याची पाकिटं खालच्या खणात न फोडलेली सापडली.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा