पेनड्राइव्ह घेऊन फिरण्याला पर्याय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० साठीची मायक्रोसॉफ्टची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि अनेक ठिकाणी संगणकांवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकण्याचे काम निघाले. हे काम बहुधा अजूनही एक माणूस, तीन-चार पेनड्राइव्ह आणि दर पाच मिनिटांनी ‘नेक्स्ट’ दाबणे, अशाच रीतीने चालते. संगणक प्रयोगशाळा सांभाळताना मीही बरीच वर्षे तेच केले, म्हणून नेटवर्कवरून इन्स्टॉलेशन करणाऱ्या सर्व्हरविषयी लिहीत आहे.

त्यासाठी लागणारी सोय बहुतेक संगणकांत आधीपासूनच असते. पीएक्सई या, नेटवर्कवरून संगणक सुरू करण्याच्या इंटेलने पुढे आणलेल्या पद्धतीची २.१ ही आवृत्ती १९९९ मधली आहे. संगणक सुरू होताच त्याचे नेटवर्क कार्ड डीएचसीपीकडे, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, आयपी पत्ता मागते. उत्तरात पत्त्यासोबतच बूट फाइल कोणत्या सर्व्हरवर आहे आणि तिचे नाव काय, हेही कळते. ती छोटी फाइल टीएफटीपी या फाइली पाठवण्याच्या साध्या पद्धतीने उतरते, तिच्यामागून कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, येतो आणि इन्स्टॉलर सुरू होतो. लिनक्सवर डीएनएसमास्क हा एकच प्रोग्रॅम डीएचसीपी आणि टीएफटीपी दोन्ही सांभाळतो आणि त्याला अडगळीतला डेस्कटॉपही पुरतो. मोठ्या फाइली मात्र टीएफटीपीवर सोपवू नयेत, कारण मूळ पद्धतीत तो ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवतो आणि त्याची पोच येईपर्यंत थांबून राहतो; सिस्टीमच्या काही जीबींच्या इमेज फाइलीसाठी वेबवर वापरले जाणारे एचटीटीपीच बरे.

पहिल्या दिवशी माझ्या पडद्यावर ‘पीएक्सई-ई५१’ एवढेच उमटत राहिले, म्हणजे डीएचसीपीकडून उत्तरच येत नव्हते. सर्व्हरची सगळी सेटिंग्ज दोनदा तपासून झाल्यावर दोष स्विचमध्ये सापडला. स्पॅनिंग ट्री या, नेटवर्कमध्ये वर्तुळाकार जोडणी होऊ न देणाऱ्या सोयीमुळे प्रत्येक पोर्ट खुला व्हायला ३० सेकंद घेत होता आणि तोवर कार्ड प्रयत्न सोडून देत होते. संगणक सुरू करणाऱ्या जुन्या बायोसला एक बूट फाइल लागते आणि त्याच्या जागी आलेल्या यूईएफआयला दुसरी, हे त्यानंतर कळले.

खरी चूक पुढे झाली, आणि ती सर्वस्वी माझी होती. बूट मेनूत दहा सेकंदांनी आपोआप निवडला जाणारा पर्याय मी ‘इन्स्टॉल’ ठेवला होता आणि संगणकांच्या बूट क्रमात नेटवर्क सर्वांत वर होते. एका दुपारी वीज जाऊन आली. शिक्षकांच्या टेबलावरचा संगणक स्वतःहून सुरू झाला, त्याने सर्व्हरला गाठले आणि मी जेवून परतेपर्यंत त्याची डिस्क पुसून नवी सिस्टीम बसलीही होती, तीही एकही प्रश्न न विचारता, कारण उत्तरे आधीच लिहून ठेवण्याची हुशारी मीच केली होती. आता मेनूतला पहिला पर्याय ‘स्थानिक डिस्कवरून सुरू करा’ हाच असतो. नेटवर्कवर आधीपासून डीएचसीपी असेल तर दुसरा उभा करू नये, हेही इथेच सांगतो. डीएनएसमास्कला प्रॉक्सी रीतीने चालवले की तो पत्ते वाटत नाही, फक्त बूटची माहिती पुरवतो.

वेळ वाचतो हे खरे, पण माझ्या मते अधिक मोलाची आहे ती इन्स्टॉलरच्या प्रश्नांच्या उत्तरांची फाइल, मग ती रेड हॅटची किकस्टार्ट असो, डेबियनची प्रीसीड असो की उबुंटूची ऑटोइन्स्टॉल. डिस्कचे भाग कसे पाडले, कोणती पॅकेजेस घेतली, कोणती खाती उघडली, हे सारे तिच्यात वाचता येते. पेनड्राइव्हने तयार केलेल्या वीस संगणकांत असे काय काय केले, हे करणाऱ्यालाही महिन्याभराने आठवत नाही. या फाइलीत पासवर्ड उघडपणे, जसाच्या तसा मात्र लिहू नये, कारण ती साध्या एचटीटीपीवर ठेवली असेल तर नेटवर्कवरचा कोणीही उघडून पाहू शकतो. टीएफटीपीला तर ओळख पटवण्याची सोयच नाही. म्हणून इन्स्टॉलेशनचे नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचवर आखलेल्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये, असलेले चांगले.

संस्थांना एकच विनंती आहे. इन्स्टॉलेशनचे काम बाहेर देताना ही उत्तरांची फाइल आणि बूट मेनू काम संपल्यावर आपल्या ताब्यात मिळेल, अशी अट करारात घालावी. कंत्राटदार बदलला की नवा माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो आणि त्याचे पैसे पुन्हा संस्थाच मोजते.

आपला,
एक प्रयोगशाळा साहाय्यक