चि. ताईस, अर्ज भरण्याआधी

सिल्लोड

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी लंडनच्या दोन वर्षांच्या पाठ्यवृत्तीविषयी "दोन वर्षांनंतर काय?" असे विचारले आणि "मग अर्जच करीत नाही" असे म्हणून तू फोन ठेवलास. तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतेच बोलते आहे. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलो. तू हा अर्ज करावास अशी माझी मनापासून इच्छा आहे. एवढे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे लेखणी भरकटली तरी तुझ्या मनात किंतू राहणार नाही.

तू पाठवलेली, युरोपीय संघाच्या मेरी क्युरी संशोधन पाठ्यवृत्तीची माहिती मी सावकाश वाचली. सगळे संशोधन दहा पानांत बसवायचे आणि त्यात निम्मे गुण संशोधनाच्या कसाला, ३० टक्के त्याच्या परिणामाला व २० टक्के अंमलबजावणीला, हा हिशेब नीट ध्यानात घे. परीक्षकांसमोर तू नसशील, फक्त कागद असेल. म्हणून तुझा प्रश्न पहिल्याच पानावर लख्ख दिसला पाहिजे. तुझ्या कच्च्या मसुद्यात तो चौथ्या पानावर सापडतो. तिथे तू लिहिले आहेस की अजिंठ्याची भित्तिचित्रे प्रत्यक्ष पाहणारे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मोजकेच होते, जगाने अजिंठा ओळखला तो प्रतिकृतींवरून, आणि त्या प्रतिकृतींनी काय दाखवले व काय वगळले हे तपासल्याशिवाय अजिंठ्याची आपल्या डोळ्यांपुढची प्रतिमा कशी घडली ते कळणार नाही. ताई, हे वाक्य वाचून मी उठून अंगणात फेरी मारून आलो. ते वर घे.

इंग्रज लष्करी अधिकारी व चित्रकार रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षे आपल्या या डोंगरांत राहून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे ग्रिफिथ्स या चित्रकार-शिक्षकाने मुंबईच्या आर्ट स्कूलमधल्या आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा तेच काम केले आणि त्यातलीही बरीच चित्रे लंडनमध्येच आगीत गेली. उरलेली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, त्यामुळे तुला लंडनलाच का जायचे आहे याचे उत्तर आपोआप मिळते. त्यातल्या काही प्रतिकृतींत गिलावा पडलेली जागाही चित्राइतक्याच निगुतीने रंगवली आहे, हे तू मला दिवाळीत दाखवले होतेस. पडझड रंगवायला बसलेल्या त्या मुंबईच्या पोरांविषयी तू एक परिच्छेद तरी लिहिलाच पाहिजेस. इंग्रज चित्रकर्त्या हेरिंगहॅमबाई १९०९ नंतर नंदलाल बोस यांच्यासारखे तरुण घेऊन आल्या, तो भाग ठीक उतरला आहे. निजामाच्या राज्यात झालेले काम मात्र तू एका ओळीत उरकलेस, ते मला पटले नाही. चित्रांच्या जतनासाठी इटलीहून माणसे आणली ती हैदराबादने, आणि १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्याचे चार भागांचे ग्रंथ सिद्ध केले ते निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी. मराठवाड्याची लेक हे विसरली तर लंडनमध्ये कोण आठवण करून देणार?

लंडनच्या ज्या संस्थेत तू जाणार आहेस त्या वारबुर्ग इन्स्टिट्यूटविषयी तू समजावून सांगितलेस ते मला फार आवडले. तो कलेचा इतिहासकार वारबुर्ग काळ्या कापडाच्या फलकांवर निरनिराळ्या काळांतल्या चित्रांची छायाचित्रे शेजारी शेजारी लावून, एकच हावभाव शतकांनंतर पुन्हा कसा उगवतो ते पाहत बसे, आणि १९२९ मध्ये त्याचा मृत्यू झाला तेव्हा ते काम अपुरेच होते. एकाच चित्राच्या सगळ्या प्रतिकृती अशा शेजारी मांडण्याची तुझी पद्धत तिथल्या लोकांना लगेच कळेल.

तू पाचवीत असताना आपण फर्दापूरच्या एसटीने लेण्यांत गेलो होतो. पहिल्या लेण्यात पहारेकऱ्याने दिवा पद्मपाणीच्या चेहऱ्यावर धरला होता, सगळे तिकडे पाहत होते आणि तू एकटी खाली कमळ धरलेल्या बोटांकडे पाहत होतीस. "नाना, हा फूल दाबून धरत नाही," असे तू म्हणालीस. मी इतकी वर्षे मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवले, हात कसा काढायचा ते फळ्यावर शिकवले, पण ते बोटांचे हलकेपण मला कोणी विद्यार्थ्याने असे सांगितले नव्हते. तुझे मामा त्या दिवशी बसथांब्यावर वाट पाहून कंटाळले होते, ते अजून बोलून दाखवतात.

आता तेच पुन्हा येते, इलाज नाही. तासिका तत्त्वावर तू इतकी वर्षे काढलीस, उन्हाळ्यात मानधन बंद, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. कायम जागा निघत नाहीत. त्या तासिका सोडून तू दोन वर्षे बाहेर राहिलीस आणि परत आलीस तर इथे तुझी जागा कोणी राखून ठेवणार नाही. शिफारसपत्रे आत्ताच मागून ठेव, शेवटच्या आठवड्यात कोणी उभे करीत नाही. इंग्रजी मसुदा दुसऱ्याकडून वाचून घे. रात्री जागून लिहू नकोस. झाली माझी मास्तरकी सुरू. राग मानू नकोस, निवृत्त झालो तरी सवय जात नाही. तुला हे सारे माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

आईच्या गुडघ्यांचे दुखणे आहे तसेच आहे, तिच्यासाठी थांबण्याचा विचारही मनात आणू नकोस. तिने स्वतः तसे सांगितले आहे. मक्याचे पैसे आले आहेत, तुला लागले तर कळव.

अर्जातच पाठ्यवृत्तीनंतरच्या वाटचालीविषयी लिहावे लागते, असे तू पाठवलेल्या माहितीत आहे. म्हणजे मी विचारले तेच तेही विचारणार आहेत. तो भाग लिहून झाला की बाकीच्या मजकुराची वाट न पाहता तेवढा मला आधी पाठव.

तुझे,
नाना