तीन महिन्यांत नक्की काय शिकवायचे? शिक्षणमंत्र्यांना बडोद्याहून खुले पत्र

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर

विषय : शाळांतील स्वसंरक्षणाचा अभ्यासक्रम बदलण्याबाबत

महोदय,

समग्र शिक्षा योजनेतील राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षणात सहावी ते बारावीच्या मुलींसाठी सरकारी शाळेला तीन महिने, दरमहा 5000 रुपये, अशी तरतूद आहे. रक्कम थोडीच आहे, पण आमचे मागणे आधी पैशाचे नाही. त्या तीन महिन्यांत काय शिकवले जाते, याबद्दल आम्हाला बोलायचे आहे.

बहुतेक ठिकाणी मुली मैदानात रांगेत उभ्या राहून हवेत ठोसे मारतात आणि शेवटच्या दिवशी पाहुण्यांसमोर कौले फोडतात. रस्त्यावरचा हल्ला मागून येतो, हातभर अंतरावरून येतो आणि काही सेकंदांत आटोपतो. भीतीने छाती धडधडते, नजर आक्रसते, बोटांची बारीक हालचाल जमेनाशी होते. अशा वेळी तीस डावांतला एकही आठवत नाही. पाच-सहा साधे डाव, तेच ते, शेकडो वेळा केलेले असले तरच हाताशी येतात.

मनगटाच्या पकडीचे उदाहरण घ्या. मुली हात सरळ मागे ओढतात. धरणाऱ्याची चारही बोटे त्या ओढीला अडवून धरतात, म्हणून सुटका होत नाही. पकडीतली कच्ची जागा अंगठा. आधी मनगट वळवून हाताची अरुंद कड अंगठा आणि बोटांची टोके भेटतात त्या फटीसमोर आणायची. मग एक पाऊल त्याच्याच दिशेने टाकून आपले कोपर त्याच्या कोपराकडे न्यायचे आणि फटीतून झटक्यात हात काढायचा. त्याने दोन्ही हातांनी धरले असेल, तर मोकळ्या हाताने आपलीच मूठ पकडून तेच करायचे. इथे चुकते ते पाऊल. त्याच्याकडे जायला मन धजत नाही आणि मागे सरकले की पकड घट्ट होते. वर्गात ही चूक दिसतच नाही, कारण जोडीदार मैत्रीण असते आणि हसत हात सोडते. पहिल्या आठवड्यात तिने निम्म्या जोराने धरावे, तिसऱ्यापासून पूर्ण जोराने. त्याआधी अर्धा मिनिट जागेवर धावून दोघींना दम लागलेला असावा.

केस मागून ओढले तर त्याचा हात दोन्ही हातांनी आपल्याच डोक्यावर दाबून धरायचा आणि त्याच्याकडे वळायचे. ओढ कमी होते, मान वाचते. मारायचेच झाले तर तळहाताच्या टाचेने, म्हणजे मनगटालगतच्या जाड भागाने, नाकावर किंवा हनुवटीखाली. मूठ कवटीवर आदळली की करंगळीमागचे हाड मोडते. जांघेतल्या लाथेवर सगळी भिस्त ठेवू नये, नशेत असलेल्याला ती लगेच जाणवेलच असे नाही. शिवाय ट्रॅकसूटमध्ये शिकलेली उंच लाथ नवरात्रात चणियाचोळीत घरी परतताना उपयोगाची नाही, पाय घेरात अडकतो. घालतो त्याच कपड्यांत आणि चपलांत सराव हवा.

चाकू हिसकावण्याचे डाव अभ्यासक्रमातून काढून टाका, अशी आमची कळकळीची विनंती आहे. वर्गात ते जमतात, कारण जोडीदार लाकडी चाकूचा हात पुढे करून थांबतो. खरा हल्लेखोर थांबत नाही, मारतो आणि मागे घेतो, पुन्हा पुन्हा. खात्री करायची असेल तर चाकूऐवजी लाल मार्कर द्या, पांढरा सदरा घाला आणि समोरच्याला हवे तसे वार करू द्या. दहा सेकंदांनी सदरा बघा. मुलींना एवढेच शिकवा : पर्स एका बाजूला फेकायची, पळायचे दुसऱ्या बाजूला. अछोडा, म्हणजे गळ्यातली सोनसाखळी, तोडणाऱ्याशीही ओढाताण नको, चालत्या दुचाकीमागे फरफटत जाणे साखळीपेक्षा महाग पडते.

आवाजाचा सराव जवळपास कुठेच होत नाही. आपण मुलींना हळू बोलायला शिकवतो आणि संकटात ओरडण्याची अपेक्षा ठेवतो. दोन्ही तळहात छातीसमोर उघडे, अंतर दोन हातांचे, आणि पोटातून ‘पाछो हट!’ (मागे हो!) गुजरातीत, कारण रस्ता गुजराती आहे. नुसते ‘वाचवा’ म्हटले की गर्दी एकमेकांकडे बघते. ‘लाल शर्टवाळा भाई, 112 लगाडो’ म्हटले की एक माणूस हलतो. तो लाल शर्टवाला आपल्याच शाळेत शिकत असतो, म्हणून मुलांनाही या वर्गात बसवा.

एक तास कायद्यालाही द्यावा. भारतीय न्याय संहितेची कलमे 34 ते 44 खासगी बचावाच्या हक्काची आहेत. धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंत टिकतो, पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पडलेल्याला पुन्हा लाथ मारणे बचावात बसत नाही. हे मुलींना माहीत नसेल, तर त्या एक तर हात उचलणार नाहीत किंवा नंतर अडचणीत येतील. 181 अभयम या महिला हेल्पलाइनचा क्रमांकही तेव्हाच पाठ व्हावा.

फार तास लागत नाहीत. कॅनडातील विद्यापीठांत विद्यार्थिनींना फक्त 12 तासांचे प्रशिक्षण दिले, त्यातही धोका ओळखणे आणि ओळखीच्या माणसाला ठाम नकार देणे यांवर भर होता. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात बलात्काराचे प्रमाण प्रशिक्षण न मिळालेल्यांमधील 9.8 टक्क्यांऐवजी 5.2 टक्के राहिले. तास सलग तीन महिन्यांत संपवू नका. निम्मे जूनपासून नवरात्रापर्यंत, उरलेले दिवाळीच्या सुट्टीनंतर. उजळणी नसली की हात विसरतो.

शिकवणारे कुठून आणायचे? व्यायामाचार्य प्रोफेसर माणिकराव आणि त्यांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिर या आखाड्याच्या शहरात हा प्रश्न पडू नये. कुस्तीच्या मातीत समोरचा खरोखर विरोध करतो, तिथे डाव लागला नाही तर लगेच कळते. कराटेचा पट्टा कोणत्या रंगाचा आहे हे पाहून प्रशिक्षक नेमण्यापेक्षा, पूर्ण जोराने धरलेले मनगट तो वर्गातल्या सर्वांत किरकोळ मुलीकडून सोडवून दाखवतो का, हे पाहून नेमा.

आणि पुढच्या वेळी कौले फोडण्याच्या कार्यक्रमाचे निमंत्रण आले, तर कृपया त्याऐवजी एखाद्या सरावाच्या तासाला या. लाल मार्कर आम्ही आणू.

आपले,
बडोद्यातील काही स्वसंरक्षण-प्रशिक्षक