सहा नंबर, त्रेपन्न नंबर की सुरत हायवे? पाटीवर एकदा सगळंच लिहा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात मागे एकाच पानावर दोन बातम्या होत्या, एकीत पारोळ्याजवळचा अपघात 'राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६' वर झाला असं छापलेलं आणि खाली दुसऱ्या बातमीत एरंडोलचं चौपदरीकरण 'महामार्ग क्रमांक ५३' चं. माझ्या शेजारच्या काकांनी वाचून विचारलं की हे दोन हायवे कोणते, आपल्याकडे तर एकच जातो. बरोबर आहे त्यांचं, एकच जातो. पण त्याला नंबर किती आणि नावं किती याचा मेळ आता कुणालाच लागत नाही, म्हणून हे पत्र.

आमचं गाव या रस्त्याच्या काठावरच आहे. आमच्या आजोबांच्या तोंडी ती 'सुरतनी सडक' होती, वडिलांच्या पिढीने 'सहा नंबर' म्हटलं, आम्ही नुसतं 'हायवे' म्हणतो आणि मोबाईलमधली बाई एनएच त्रेपन्न म्हणते. धुळ्याकडून येणारा ट्रकवाला याला नागपूर हायवे म्हणतो, भुसावळकडून येणारा सुरत हायवे म्हणतो, दोघं खरं बोलतात. शिवाय नकाशा मोठा करून बघा, त्याच रेघेवर एएच ४६ पण लिहिलेलं दिसतं. म्हणजे हा आशियाई महामार्ग सुद्धा आहे, हजिऱ्याकडून धुळे, जळगाव, नागपूर, रायपूर करत पार बंगालकडे जाणारा. हे आपल्याकडे कितीजणांना माहीत असेल? मला वाटतं रस्त्यावर रोज गाडी चालवणाऱ्यांना पण नसेल.

हे झालं कसं ते थोडक्यात सांगतो. २०१० साली केंद्राने देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांचे नंबर बदलले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम नंबर, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम, आणि फाट्यांना तीन आकडी नंबर ज्यात शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे. पद्धत चांगली आहे, त्याबद्दल तक्रार नाही, एकदा समजली की सोपी जाते. जळगाववरून अजिंठ्याकडे जाणारा ७५३ एफ, पाचोरा-चाळीसगावकडे जाणारा ७५३ जे, हे दोन्ही त्रेपन्नचे फाटे हे नंबरावरूनच कळतं. पण आपल्याकडचा जुना ६ नंबर उचलून मेघालय-मिझोरामकडे दिला आणि जुना ३ नंबर, म्हणजे आपला मुंबई-आग्रा, तो नंबर अटारीवरून मनाली-लेहला गेला. आता कुणी बाहेरगावच्या पाहुण्याला 'एनएच ६ वर या' असं सांगितलं आणि त्याने तेच मोबाईलमध्ये टाकलं तर तो शिलाँगचा रस्ता दाखवणार. लग्नपत्रिकांवर अजून छापतात बरं का, 'स्थळ: अमुक मंगल कार्यालय, नॅशनल हायवे नं. ६'. दुकानांच्या बोर्डावर, बिलबुकावर तेच. लोकांचा दोष नाही यात, त्यांना कुणी सांगितलंच नाही.

आग्रा रोडचं तर अजून अवघड आहे. धुळ्याच्या वर सोनगीर, नरडाणा, शिरपूर, पळासनेर हा भाग ५२ मध्ये गेला, धुळ्यावरून खाली मालेगाव-नाशिककडचा ६० मध्ये, आणि दोन्हींवर आशियाई ४७ आहेच. चाळीसगाव आणि कन्नड घाटाकडे जाणारा जुना २११, तो पण आता ५२. म्हणजे धुळ्यात उभं राहून जुना ३, जुना ६, जुना २११, नवा ५२, नवा ५३, नवा ६० आणि आशियाई ४६-४७ इतके आकडे एका शहराभोवती. आणि धुळेकर काय म्हणतो? आग्रा रोड, सुरत बायपास, चाळीसगाव रोड. तीन नावांत विषय संपला. जुलै २०२३ मध्ये पळासनेरला तो भीषण अपघात झाला, गाडी हॉटेलात घुसून माणसं गेली, तेव्हा सगळ्या देशात बातमी 'मुंबई-आग्रा महामार्ग' म्हणूनच गेली, कारण लोकांना तेच कळतं. २०२१ ला कन्नड घाटात दरडी कोसळल्या तेव्हा पण चाळीसगाव स्टँडवर जो तो 'घाट चालू झाला का' एवढंच विचारत होता, नंबर कुणाच्या तोंडात नव्हता आणि बातम्यांत मात्र त्याच एका घाटाला कुठे कन्नड घाट, कुठे औट्रम घाट.

पण मी हेही सांगतो की नुसत्या लोकांच्या नावावर पण भागत नाही. धुळ्यात आग्रा रोड म्हणजे गावातला बाजाराचा रस्ता, आणि बाहेरचा बायपास पण काहीजण आग्रा रोडच म्हणतात. जळगावला शहरातून जाणारा, आकाशवाणी चौक-इच्छादेवीवाला रस्ता हायवे आणि पाळधी-तरसोद बायपास पण हायवे. ज्या शहराने हायवेच्या बाजूने समांतर रस्त्यांसाठी एवढी आंदोलनं केली तिथं 'हायवेवर अपघात झालाय' असं कुणी सांगितलं तर नेमकं कुठे पळायचं?

हे सगळं मला इतकं का लागलं ते सांगतो. मागच्या पावसाळ्यात आमच्या शेताजवळ केळी भरलेली एक पिकअप पलटी झाली, ड्रायव्हर पोरगा आत अडकलेला, पायातून रक्त. आजूबाजूचे धावले. एका म्हाताऱ्या बाबांनी मदतीसाठी फोन लावला, पलीकडून विचारलं कोणता हायवे, बाबा म्हणाले 'हाई सडक सहा नंबरनी शे'. पलीकडची मुलगी म्हणाली जवळचा किलोमीटरचा दगड बघून सांगा. पिवळ्या डोक्याचा दगड होता जवळच, गवतात अर्धा बुडालेला, एकाने गवत बाजूला केलं तर त्यावर ५३. मग तिथंच गोंधळ, एकजण म्हणे हा दगड दुसऱ्या रस्त्याचा असेल, बाबा म्हणे माझं सगळं आयुष्य याच सडकवर गेलं, सहाच आहे. शेवटी बारावीच्या एका मुलीने फोन हातात घेतला आणि सांगितलं, सुरत-नागपूर हायवे, दगडावर त्रेपन्न लिहिलंय, एरंडोलवरून पारोळ्याकडे जाताना डाव्या हाताला, पेट्रोल पंपाच्या पुढं. मग गाडी आली, पोरगा वाचला. बाबा पण खोटं बोलत नव्हते आणि फोनवरची मुलगी पण तिचं काम नीट करत होती, पण ती मिनिटं गेली ती गेलीच, आणि दर वेळी तिथं अशी पोरगी असेलच असं नाही.

एकाच रस्त्याला अनेक नंबर असणं हे काही आपल्याकडेच आहे असं नाही. माझा पुतण्या अमेरिकेत मिनियापोलिसला असतो, तो सांगत होता की तिथं ३५ डब्ल्यू आणि हायवे ६२ हे दोन रस्ते शहराच्या दक्षिणेला काही अंतर एकत्र चालायचे आणि त्या एकत्र तुकड्याला लोकांनी स्वतःचं नाव ठेवलेलं, क्रॉसटाऊन कॉमन्स. पुढे २००७ ते २०१० मध्ये तो भाग नव्याने बांधला तेव्हा लोक आणि पेपरवाले सगळे त्याच नावाने बोलायचे. तिथल्याच व्हर्जिनिया राज्यात वायथव्हिलजवळ तर ७७ आणि ८१ नंबरचे हायवे एकाच रस्त्यावरून जातात आणि गाडी एकाच वेळी एका नंबराने उत्तरेला आणि दुसऱ्या नंबराने दक्षिणेला चाललेली असते, पण पाटीवर दोन्ही नंबर आणि दोन्ही दिशा शेजारी शेजारी लिहिलेल्या असतात, म्हणून चालून जातं. आपल्याकडे नेमकं तेच नाही. एक पाटी एक नंबर सांगते, पुढची दुसरा, आणि जुना नंबर सांगायला तर कुणी तयारच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत मोठ्या चौफुल्यांवर आणि गावाच्या फाट्यांवर जी पाटी असेल तिच्यावर नवा नंबर, कंसात जुना नंबर, आशियाई नंबर असेल तर तो, आणि खाली मोठ्या मराठी अक्षरात लोक जे म्हणतात ते नाव, सुरत-नागपूर हायवे किंवा मुंबई-आग्रा हायवे, असं सगळं एकत्र लिहावं. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, नशिराबाद, तिकडे कुसुंबा, नेर, साक्री, दहिवेल, कोंडाईबारी घाट, विसरवाडी, सगळीकडे सारखंच. दगडाभोवतीचं गवत पावसाळ्यात काढत जावं, कारण संकटात माणूस आधी तोच दगड शोधतो. राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ हा नंबर आहे, तो पण त्याच पाटीवर ठळक टाका, बऱ्याच खेड्यांत तो माहीतच नाही. खर्च रंगाचा आणि पत्र्याचा आहे, फार नाही. तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी महामार्गवाल्यांना बसवून हे पावसाळ्याआधी करून घ्यावं. आणि ग्रामपंचायतींनी आपल्या शिवारातल्या दगडांवरचे किलोमीटर लिहून दवाखान्यात, शाळेत, बस स्टॉपवर लावावेत, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि साहेब, एक विनंती आपल्याला पण. अपघाताची बातमी देताना नुसता नंबर छापू नका. 'सुरत-नागपूर हायवे (५३, जुना ६), पारोळा ते एरंडोलच्या मधे, अमुक गावाजवळ' असं सगळं एका ओळीत द्या. जागा थोडी जास्त लागेल, पण ज्याचा माणूस रात्री उशिरापर्यंत घरी आलेला नसतो तो सकाळी तीच ओळ आधी वाचतो.

आपला नियमित वाचक,
एरंडोल तालुका, जि. जळगाव