पैसे घेतल्यावर माल बदलता येत नाही

सदाशिव पेठ, पुणे ३०
दि. २७ ऑक्टोबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : २८ ऑगस्टला विकलेलं तुमच्या गेममधलं ‘तोफखाना सरदार’ हे पात्र १६ सप्टेंबरला परस्पर कमजोर केल्याबद्दल आणि १,५९९ रुपये परत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

तुमच्या किल्ल्यांच्या गेममध्ये मी साडेतीन वर्षं आहे. वय ४७, व्यवसाय लोकांची जीएसटी रिटर्न्स भरणं. हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्या सपोर्टने पहिल्याच उत्तरात ‘खरेदी पालकांच्या परवानगीने झाली होती का’ असं विचारलं होतं. पालक मीच आहे. गेम मुलाने शिकवला, बारावीला गेल्यावर त्याने सोडला, मी राहिले.

ऋषिपंचमीच्या रात्री, घरातलं सगळं आवरून, सव्वाअकराला गेम उघडला तर पडदाभर जाहिरात. तोफखाना सरदार, एका गोळ्यात तटबंदीचं २४० नुकसान, किंमत १,५९९ रुपये, आणि खाली लाल घड्याळ : फक्त २ तास. इतके पैसे मी गेमवर कधी घातले नव्हते. पण सकाळी क्लॅनचं, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या आमच्या गटाचं, वॉर होतं आणि समोरच्यांच्या भिंती आमच्यापेक्षा दोन लेव्हल वरच्या. यूपीआयने पैसे भरले. सकाळी बघते तर तोच पॅक, तीच किंमत, तेच दोन तास. तेव्हा स्वतःलाच हसले आणि गप्प बसले. सरदार मात्र खरोखर कामाचा निघाला.

(जाता जाता : तुमच्या घड्याळात मध्यरात्र होते तेव्हा इथे पहाटेचे साडेपाच वाजतात. वॉर त्याच ठोक्याला सुरू होतं. आमच्या क्लॅनमधले एक निवृत्त गृहस्थ पहिला हल्ला पर्वतीच्या पायऱ्यांवर बसून करतात. त्याबद्दल तक्रार नाही, सवय झाली आहे.)

१६ सप्टेंबरच्या अपडेटनंतर सरदाराचा आकडा २४० वरून १५० झाला. तुमच्या निवेदनात याला ‘संतुलन’ म्हटलंय. वाचायला किरकोळ वाटतं, म्हणून हिशेब मांडते. आमच्या पातळीवर समोर येणाऱ्या भिंतीची ताकद ९६०. आधी चार गोळ्यांत भिंत पडायची. आता सहा गोळ्यांनंतरही उभी असते, सातवा लागतो. प्रत्येक गोळ्याआधी सरदार आठ सेकंद तोफ भरतो. म्हणजे एका भिंतीला जिथे ३२ सेकंद लागायची तिथे ५६ लागतात, आणि अख्खा हल्ला तीन मिनिटांचा. दुसऱ्या भिंतीपाशी पोचेपर्यंत आमचं सैन्य बुरुजावरच्या धनुर्धाऱ्यांनी कापलेलं असतं. कागदावर साडेसदतीस टक्के कपात, मैदानावर सरदार बाद.

संतुलन करावंच लागतं, हे मला कळतं. सगळ्यांनी एकच पात्र वापरलं तर गेम मरतो, आणि जिथे शेकडो आकडे एकमेकांत गुंतलेत तिथे पहिल्या फटक्यात कोणाचंच बरोबर येत नाही. मेहनतीने मिळवलेली पात्रं तुम्ही चार वेळा कमी केलीत, मी अक्षरही लिहिलं नाही. पण हा सरदार मेहनतीने मिळतच नव्हता. तो फक्त विकत मिळत होता, आणि विकताना २४० हा आकडा तुम्ही सगळ्यात मोठ्या अक्षरात छापला होता. बोहरी आळीतून मी पाच लिटरचा कुकर आणला आणि एकोणीस दिवसांनी दुकानदाराने रात्री माझ्या स्वयंपाकघरात शिरून तो तीन लिटरचा केला, वर ‘शेजारच्यांचे कुकर लहान आहेत हो’ म्हणाला, तर त्याला काय म्हणतात ते मी पत्रात लिहू शकत नाही.

आणि तुमची चूक प्रामाणिक असती तरी मी सोडून दिलं असतं. पण २३ सप्टेंबरला, म्हणजे बरोबर एका आठवड्याने, ‘सुरुंग सरदार’ आला. किंमत १,७९९, आकडा २४५. पाच जास्त! १६ तारखेला २४० मुळे गेमचा तोल जात होता आणि २३ तारखेला २४५ मुळे जात नाही, हे संतुलन मला समजावून सांगा. आमच्या क्लॅनमध्ये हडपसरच्या एका मुलाने पहिल्या पगारातून तोफखानावाला घेतला होता. त्याने आता सुरुंगवालाही घेतलाय. तुम्ही त्याच्यासारख्यांच्या भरवशावर असाल, पण मी पावत्या जपून ठेवणारी आहे.

पैसे कमवू नका असं माझं म्हणणं नाही. गेम फुकट डाउनलोड होतो, तेव्हा स्टुडिओचे पगार आमच्यासारख्यांच्या खिशातूनच निघणार. पण बदल करण्याची दुसरीही रीत असते. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ हा गेम २०१२ पासून चालू आहे. त्यांनी २०२२ मध्ये सैन्य तयार करायचा खर्च काढून टाकला आणि २०२५ मध्ये त्यासाठी लागणारा वेळही. खेळ पार बदलला, पण खेळणाऱ्याच्या बाजूने.

१७ सप्टेंबर, २२ सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर अशा माझ्या तीन तक्रारी तुमच्याकडे आहेत. पहिलीचं उत्तर वर सांगितलंच. दुसरीवर ‘प्रिय सेनापती, तुमचा अभिप्राय मोलाचा आहे’ असं उत्तर आलं आणि सोबत ५० जेम्स, म्हणजे गेममधलं चलन. तुमच्याच दुकानात ५०० जेम्स ४४९ रुपयांना मिळतात, म्हणजे तुम्ही मला साधारण ४५ रुपये देऊ केलेत. ते मी वापरलेले नाहीत, परत घ्या. तिसरीवर अटींमधलं एक कलम पाठवलंत : गेममधल्या वस्तू ग्राहकाच्या मालकीच्या नसतात, वापरायचा फक्त परवाना मिळतो. असेल. मग बटणावर ‘विकत घ्या’ का लिहिता? कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल माल असा परवान्यावर देताना ते ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. शिवाय परवाना ज्या सरदाराचा घेतला, तो २४० वाला होता.

आपल्याकडच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. माझ्या पहिल्या तक्रारीचा महिना दिवाळीआधीच संपला. ते दोन तासांचं घड्याळ राहिलंच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ॲप-वेबसाइटवरच्या फसव्या रचनांचे (डार्क पॅटर्न्स) जे तेरा प्रकार जाहीर केले, त्यात खोटी घाई पहिल्याच क्रमांकावर आहे.

मागणी साधी आहे. सरदार काढून घ्या आणि १,५९९ रुपये ज्या खात्यातून आले त्यात परत करा. जीएसटीसह, कारण पावतीवर १,३५५.०८ अधिक २४३.९२ असं तुम्हीच लिहिलंय. किंवा ज्यांनी विकत घेतला त्यांचा आकडा पूर्ववत २४० करा. १५ नोव्हेंबरपर्यंत यातलं काही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. तुमचं ऑफिस कुठल्या देशात आहे याने मला फरक पडत नाही, मला रिक्षाने जायचंय.

सोबत पावती, २८ ऑगस्टच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि अपडेटआधीच्या व नंतरच्या हल्ल्यांचे रिप्ले जोडले आहेत.

कळावे,
(सही)

ता. क. : रिप्ले जोडण्यासाठी आत्ता गेम उघडला. तोफखाना सरदार अजून विक्रीला आहे, जाहिरातीत आकडा २४० च आहे, आणि घड्याळात २ तास शिल्लक आहेत. त्याचाही स्क्रीनशॉट जोडते आहे.