बैलाचं पाप पोलिसांनी मोजू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकाचं पत्र आलं होतं. गोवंशाची हत्या हे महापाप आहे, म्हणून कायद्यातली शिक्षा आणखी वाढवा, अशी त्यात मागणी होती. पत्र तळमळीने लिहिलेलं होतं आणि त्यातल्या अर्ध्या वाक्याशी माझं काहीच भांडण नाही. गाय-बैल कापणं मीही पाप मानतो. एकविसाव्या वर्षी पंढरपुरात माळ घातली, त्याला आता 46 वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या चुलीवर अंडंसुद्धा शिजलेलं नाही. माझं भांडण आहे ते त्या वाक्यातल्या 'म्हणून' या शब्दाशी.

मी उदगीर तालुक्यातला शेतकरी. आमच्या दावणीला पिढ्यान्‌पिढ्या देवणी बैल. शेवटची जोडी राजा आणि सर्जा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला सर्जाच्या खांद्याला लोणी-हळद चोळताना हाताखाली जुवाचा घट्टा लागायचा, तळव्याएवढा, चामड्याच्या चपलेसारखा कडक. चौदा वर्षं त्याने माझं रान ओढलं होतं. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणताना त्या घट्ट्यावरून हात फिरवला की घशात काहीतरी दाटून यायचं. असा बैल मी कुणाच्या हाती कापायला देईन, ही कल्पनाही मला सहन होत नाही. त्यासाठी मला पोलीस लागला नाही.

आता कायद्याचं सांगतो. आपल्या राज्यात 1976 च्या कायद्याने गाय कापायला बंदी होतीच. बैलाचं तसं नव्हतं. शेतीला, ओढकामाला, पैदाशीला निरुपयोगी झाला असा दाखला मिळाला की तो कापता यायचा. 1995 साली विधिमंडळाने वळू आणि बैलही त्या बंदीत आणले, पण राष्ट्रपतींची संमती यायला 2015 उजाडलं. मार्च 2015 पासून बैल कापणं, कापण्यासाठी नेणं, त्यासाठी विकणं किंवा घेणं या सगळ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. आधीच्या पत्रलेखकांना एवढंही कमी वाटतं.

कायदा आला त्याच वर्षी आमच्याकडे पाऊस गेला. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्या टँकरच्या गाडीमागे गावोगावच्या दावणींवर काय चाललं होतं, ते फारसं कुणी पाहिलं नाही. कडबा मी शेकडा अडीच हजाराने घेतला. सर्जा तेव्हा उठताना पुढचे पाय टेकवून दोनदा प्रयत्न करायचा. मंडळींच्या पाटल्या मोडल्या, पण त्याला विकला नाही. त्याच हिवाळ्यात तो गव्हाणीशीच गेला. बांधावर खड्डा घेतला, मीठ टाकलं, त्याची झूल त्याच्याच अंगावर घातली.

हे वाचून कुणी मला पुण्यवान म्हणेल, म्हणून पुढचं सांगणं भाग आहे. माझा मुलगा चाकणला कंपनीत आहे. त्या दोन वर्षांत घरचं मीठमिरची त्याच्या पगारातून आलं. माझं पुण्य त्या पगारावर पोसलेलं होतं. माझ्या बांधाला बांध लागून ज्याची तीन एकर कोरडवाहू आहे, त्याचा मुलगा चाकणला नाही. त्याच्याकडेही थकलेला बैल होता. आधी असा बैल विकून वर दहा-पंधरा हजार घातले की नवा गोऱ्हा यायचा. म्हातारा बैल म्हणजे त्याची ठेव होती. कायद्याने ती ठेव एका रात्रीत बुडवली आणि बैलाचं पोट मात्र त्याच्याच गळ्यात ठेवलं. पाप टळावं ही इच्छा साऱ्या समाजाची आणि त्याचा खर्च एकट्याच्या खांद्यावर, हा कुठला धर्म?

त्या बैलाचं काय झालं ते मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. दुसऱ्या एकाचं मात्र लिहितो, कारण तो कुणाचा होता हे आजही कुणाला ठाऊक नाही. दोन वर्षांमागे, काकडआरतीला निघालो असताना, मारुतीच्या पाराला एक बैल बांधलेला दिसला. रात्रीतून कुणीतरी आणून सोडला होता. बरगड्या मोजून घ्याव्यात असा. जनावरांच्या कानाला तो पिवळा बिल्ला मारतात ना, नंबराचा, तो ओढून काढलेला होता. कानाची पाळी दोन फाकळ्यांत फाटली होती, रक्त अजून ओलं होतं. मालकाचा माग लागू नये म्हणून केलेलं ते काम. ज्याने ते केलं त्यानेही पोळ्याला याच बैलाचे पाय धुतले असणार. गोवंश वाचवायला केलेल्या कायद्याच्या भीतीने बैलाचा कान फाडला गेला. तिथे पाराशी उभा राहून मी फार वेळ विचार केला, की पाप कमी झालं का?

2019 च्या पशुगणनेत देशातल्या गोवंशातले नर 2012 च्या मानाने सुमारे 30 टक्क्यांनी घटलेले दिसले. सगळा दोष कायद्याचा नाही. ट्रॅक्टर आले, माणसं मिळेनाशी झाली. पण ज्या जनावराला म्हातारपणी किंमत नाही, ते दावणीला ठेवायला आता तरुण पोरं तयार नाहीत, हे मी रोज पाहतो. गोऱ्हा जन्मला की पूर्वी पेढे वाटायचे. आता तोंड वाकडं होतं.

आणि ज्याला कापायचाच नाही, त्याचं तरी नीट चालतं का? 2017 च्या मृगात याच शेजाऱ्याने उसनवारी करून हाळीच्या बाजारात जोडी घेतली. सहा दाती, पेरणीच्या कामाची. बाजार समितीची पावती खिशात. वाटेत पाच-सहा पोरांनी टेम्पो अडवला. टेम्पोवाला मुसलमान होता, संशयाला एवढं पुरलं. ठाण्यात रात्र गेली, गुन्हा दाखल झाला, बैल एका गोशाळेत गेले. आधीच्याच वर्षी, 6 मे 2016 ला, मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्यातलं 9 ब कलम रद्द केलं होतं. मी निर्दोष आहे हे आरोपीनेच सिद्ध करायचं, असं ते कलम. परराज्यात रीतसर कापलेलं मांस घरात बाळगणं गुन्हा ठरवणारं 5 ड कलमही न्यायालयाने काढलं. कुणाच्या ताटात काय आहे हे पाहायला सरकारने घरात शिरू नये, असा त्याचा सरळ अर्थ. बैल कापण्यावरची बंदी मात्र कायम राहिली. म्हणजे कागदावरून 9 ब गेलं, पण ठाण्यात प्रश्न तोच विचारला गेला, "कापायला नेत नव्हतास कशावरून?" पेरणीच्या तोंडावर औत घेऊन निघालेल्या माणसाने याला काय उत्तर द्यायचं? मृग गेला, आर्द्रा गेल्या. त्याने भाड्याच्या ट्रॅक्टरने उशिरा सोयाबीन टाकलं. चार महिन्यांनी बैल सुटले ते रोजचा चारा-खर्च भरून, आणि दोनातला एकच चालत आला.

कायदा शेतीच्या भल्यासाठी आहे, असं कोर्टात सांगितलं जातं. गाय-वासरांची कत्तल थांबवावी असं सरकारला सांगणारं घटनेचं 48 वं कलमही शेती आणि पशुसंवर्धनाच्याच भाषेत आहे. 24 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत यावर चर्चा झाली, तेव्हा झेड. एच. लारी आणि आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्ला या दोन मुस्लिम सदस्यांनी एक प्रामाणिक मुद्दा मांडला होता. धर्मासाठी गाय वाचवायची असेल तर तसं उघड सांगा, अर्थकारणाच्या आडून आणू नका. मला हे म्हणणं फार मोलाचं वाटतं. 1958 साली सर्वोच्च न्यायालयाने, निकामी झालेल्या बैलावर सरसकट बंदी घालता येणार नाही असं म्हटलं होतं. 2005 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने गुजरातच्या प्रकरणात सहा विरुद्ध एक मताने ते फिरवलं. म्हातारा बैलही शेण आणि मूत्र देतो, म्हणून तो कधीच निरुपयोगी नसतो, हा त्यातला एक मोठा आधार. मी शेणखत आयुष्यभर वापरलं आहे. पण दुष्काळात चाऱ्याला लागणारे पैसे शेणातून निघत नाहीत, हे कुठलाही शेतकरी सांगेल.

शेतीचा हिशोब असता तर तो शेतकऱ्याला विचारून केला असता. खरा हिशोब पापाचा आहे. मग तो तरी सरळ आहे का? आमच्या माउलींनी वेद वदवले ते रेड्याच्या मुखातून. जुन्नर तालुक्यात आळ्याला त्या रेड्याची समाधी आहे, वारकरी तिथे डोकं टेकतो. त्या रेड्याला या कायद्यात संरक्षण नाही. म्हैस, रेडा दाखला घेऊन कापता येतो. बोकडाचं तर नावच नको, यात्रा-जत्रांत तो धर्माच्याच नावाने कापला जातो. मला विचाराल तर तिन्ही जिवांचं पाप सारखंच. सरकारने त्यातलं एक निवडून तुरुंगाला जोडलं. पाप कुठलं, हे कीर्तनात ठरतं, शास्त्रात ठरतं, माणसाच्या काळजात ठरतं. ते बहुमताने ठरायला लागलं की ज्याचं बहुमत, त्याचं पाप.

कुणी म्हणेल, बैलाला पीडा होते त्याचं काय? बरोबर आहे. परपीडा म्हणजेच पाप, हे आम्ही संतांकडूनच शिकलो. पण पीडेचं माप लावायचं तर ते प्रत्येक जिवाला लावा. पराणीने रक्त काढणाऱ्याला, शर्यतीत शेपटी चावणाऱ्याला, टेम्पोत आठ जनावरं कोंबणाऱ्यालाही लावा. त्यासाठी प्राण्यांशी क्रूरतेने वागण्याविरुद्धचा 1960 चा कायदा आहे. तो तोकडा वाटत असेल तर कडक करा, मी सही करीन. उपाशी ठेवून मारलेला बैल कापलेल्या बैलापेक्षा कमी तडफडतो, असं कुणी मला पटवून देऊ शकणार नाही.

माझा दारूलाही विरोध आहे, आणि तिथे मी कायद्याच्या बाजूने उभा राहिलो आहे. शेजारच्या गावात बायकांनी उभी बाटली-आडवी बाटली मतदान मागितलं, तेव्हा सह्यांचे कागद घेऊन मी त्यांच्याबरोबर तहसीलला गेलो होतो. पण त्या बायका पापाचं बोलत नव्हत्या. एकीने दंडावरचा वळ दाखवला. दुसरी म्हणाली, मजुरी घरी येतच नाही. दुसऱ्याचं नुकसान समोर उभं असलं की कायद्याने यावं, जरूर यावं. आणि तिथेही दुकान बंद करायचं तर गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. बैलाच्या कायद्याआधी तीन एकरवाल्याला असं कुणी विचारलं होतं?

पापाची अंमलबजावणी माणसांच्या हातात गेली की काय होतं, ते मी सातवीत असताना पाहिलं आहे. माझी चुलती विधवा होती. तिने दुसऱ्या जातीतल्या माणसाशी पाट लावला. पंचांनी पाप ठरवलं आणि आमचं अख्खं घर वाळीत टाकलं. विहिरीवर आमची घागर बाजूला ठेवावी लागे. त्या साली आमचे बैल पोळ्याच्या मिरवणुकीत घेतले नाहीत. मी दारात बेगड लावलेल्या बैलाचा कासरा धरून उभा होतो आणि वाजंत्री समोरून निघून गेली. पंचही मनापासून धार्मिक होते. 2016 साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तेव्हा ही बातमी आपल्याच अंकात वाचून मी चुलतीच्या फोटोला हार घातला. पंचांच्या हातून काढून घेतलेली ती काठी पोलिसाच्या हातात दिली, म्हणून ती चांगली होत नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता म्हणून घोषित केलं आणि गोशाळेतल्या देशी गाईंसाठी रोज 50 रुपये अनुदान ठरवलं. चांगलं आहे. पण माझ्या शेजाऱ्याच्या दावणीला उभ्या असलेल्या थकल्या बैलाला त्यातला रुपया येत नाही. 2025 च्या पावसाळ्यात जनावरांचा आणि मांसाचा व्यापार करणाऱ्या कुरेशी समाजाने राज्यभर जनावरांची खरेदी बंद ठेवली, तेव्हा ओस बाजारातून जनावरं परत घेऊन येणारे बहुतेक शेतकरी हिंदूच होते. बैल कापू नये असं समाजाला खरोखर वाटत असेल, तर समाजाने तो बाजारभावाने विकत घ्यावा आणि मरेपर्यंत सांभाळावा. तुरुंगाची कलमं काढून त्या जागी खरेदीची सोय केली, तर दहा हजार माझ्याकडून पहिले. कुणाला बैल विकू नकोस म्हणून हात जोडायचे असतील तर मी गावोगाव यायला तयार आहे, गेली कित्येक वर्षं कीर्तनानंतर तेच करतो आहे. काहींनी ऐकलं, काहींनी नाही. ज्यांनी ऐकलं ते आपल्या मनाने ऐकलं.

पाराला सापडलेला बैल माझ्याकडेच आहे. कान भरून आला, पण फाट तशीच राहिली.

शेजाऱ्याचा 2017 चा खटला अजून निकाली निघालेला नाही. जामिनाला माझा सातबारा लावलेला आहे. पुढची तारीख येत्या 14 ची पडली आहे. सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही दोघंही कोर्टात जाऊ.

आपला,
एक माळकरी शेतकरी
ता. उदगीर, जि. लातूर